ओळखीची खूण : काही नाही

माईंच्या स्वयंपाकघरात, पिठाच्या डब्यांच्या वर, एका खिळ्याला एक तळं टांगलेलं होतं. एकतीस वर्षं. मुळात ते एका औषध कंपनीच्या कॅलेंडरचं मे महिन्याचं पान. तो मे कधीच उलटला, पुढे ती कंपनीही बुडाली, पण तळं काही आटलं नाही. निळंशार पाणी, त्यात शिरलेला लाकडी धक्का, धक्क्याच्या डाव्या हाताला एकटंच एक झाड आणि उजव्या हाताला सुरीने कापल्यासारखा अर्धा डोंगर. दूध वर येण्याची वाट बघताना, कणीक मळताना, आणि नानांशी अबोला असेल तेव्हा तर अगदी ठरवून, माई त्या तळ्याकडे बघत असत.

त्यामुळे परदेशी नोकरीला गेलेल्या भाच्याचं पत्र आलं, की मावशी, तुझं ते तळं माझ्या गावापासून बसने तीन तासांवर आहे, तेव्हा माईंनी पत्र खाली ठेवलं आणि बॅगेला कुलूप आहे का ते बघायला गेल्या. भाचा नेमका त्या आठवड्यात प्रशिक्षणाला बाहेरगावी असणार होता. शनिवारी परतणार, आणि रविवारी यांचं परतीचं विमान. पण फ्लॅट रिकामा होता, किल्ली दाराशेजारच्या मीटरच्या पेटीत ठेवलेली असणार होती. तळ्याची बस मात्र आठवड्यातून एकदाच, शुक्रवारी सकाळी.

तेव्हा फोनला वायर असायची आणि कॅमेऱ्यात छत्तीस फोटो. परदेशी जाणं ही एकट्यादुकट्याची गोष्ट नव्हती, अख्खी इमारत तुमच्याबरोबर जायची. वरच्या मजल्यावरचे बँकवाले स्वतः कुठे गेले नव्हते, पण त्यांचे साडू गेले होते, त्यामुळे त्यांच्या शब्दाला वजन होतं. ते म्हणाले, तिकडे अनोळखी माणसाकडे बघून हसू नका, वेडे समजतात. तळमजल्यावरच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हसल्याशिवाय राहू नका, उद्धट समजतात. माईंनी दोन्ही सल्ले मनावर घेतले आणि विमानतळावर अर्धंच हसल्या. पासपोर्टवर शिक्का मारणाऱ्याने दात दुखतोय का, असं विचारलं.

उपयोगाचा सल्ला एकच होता, तो शेजारच्या शिक्षिकेने दिला. नानांसाठी चपला-बुटांचे दोन जोड न्या. नानांनी तो ऐकला नाही, आणि का ऐकला नाही ते फक्त माईंना ठाऊक होतं.

नाना मोजणी खात्यात चौतीस वर्षं होते. लोकांच्या जमिनी त्यांनी इंचाइंचाने मोजल्या, भावाभावांचे बांध सरळ केले. निवृत्त झाले तरी खिशात गोल डबीतला टेप कायम. मुलीच्या साखरपुड्यातसुद्धा त्यांनी स्टेज मोजून ते डावीकडे कललं असल्याचं जाहीर केलं होतं. अशा माणसाचा स्वतःचा उजवा पाय लहानपणच्या पडण्यामुळे डाव्यापेक्षा आखूड होता. कोपऱ्यावरचा चपलावाला त्यांना उजवी टाच अर्धा इंच जाड करून द्यायचा. ही गोष्ट जगात तिघांनाच माहीत होती, आणि त्यातल्या चपलावाल्याला नानांनी शपथ घातली होती. असे बूट एकच जोड होते. दुसरा करायला टाकावा, तर दुकानात पुन्हा चारचौघांत पाय पुढे करावा लागला असता.

तर मंगळवारी संध्याकाळी दोघं पोहोचली. इमारत चार मजली, जुनी, स्वच्छ. जिना इतका चकचकीत की माईंना त्यावर पाय ठेवताना संकोच वाटला. खालच्या दाराशी त्या देशाच्या भाषेतली एक पाटी होती. अक्षर एक कळेना, पण शेजारी बुटांच्या जोडाचं चित्र होतं, त्याच्याजवळ एक दार, आणि बूट दाराच्या बाहेर. नानांनी चष्मा लावून पाटीचा अभ्यास केला.

"बघ," ते म्हणाले, "उगाच लोक म्हणतात तिकडचं सगळं वेगळं. इथेही चपला बाहेर काढायची पद्धत आहे. वर चित्र काढून सांगतात. याला म्हणतात शिस्त."

माईंनाही फार बरं वाटलं. चौथ्या मजल्यावर पोहोचल्यावर दोघांनी दाराबाहेर पादत्राणं काढली. नानांचे तपकिरी बूट आणि माईंच्या सँडल, ज्यांच्यातल्या एकीचं बक्कल दोन वर्षं सेफ्टी पिनेवर होतं. नानांनी जोड भिंतीला समांतर लावले. भाच्याने फ्रीजवर चार पानी सूचना चिकटवल्या होत्या. कचऱ्याचे चार डबे, गरम पाण्याचा नळ कुठल्या बाजूला फिरवायचा, लिफ्टचं दार कसं ओढायचं. बुटांबद्दल चकार शब्द नव्हता. आपल्या घरची सवय माणूस परदेशात तीन वर्षांत विसरतो, आणि दुसऱ्या कुणाला ती असेल हे त्याच्या डोक्यातही येत नाही.

बुधवारी सकाळी नऊला दार उघडलं तर बाहेर काही नव्हतं. पुसलेली फरशी तेवढी होती.

नानांनी आधी डावीकडे पाहिलं, मग उजवीकडे, मग वाकून जिन्याच्या कठड्यातून खाली. मग ते आत येऊन खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "चोरी."

माई म्हणाल्या, कुणी सरकवले असतील. कुणी चुकून घातले असतील. नाना म्हणाले, "माझे बूट चुकून घालून कुणी तीन पावलं तरी जाईल का?" माईंना खाली फरशीवर शुक्रवारची बस दिसत होती, आणि ती निघून जात होती. त्यांच्यापाशी कॅनव्हासचे बूट होते. पण नवऱ्याला परक्या घरात अनवाणी बसवून एकटीने तळं बघायचं, तर मग ते एकतीस वर्षं स्वयंपाकघरात बघितलं तेच बरं होतं.

त्यांनी समोरच्या फ्लॅटची घंटा वाजवली. तिथे एक निवृत्त नर्स राहत होती, उंच, पांढऱ्या केसांची. इंग्रजी तिला येत नव्हतं आणि तिची भाषा माईंना. माईंनी नानांचे उघडे पाय दाखवले, रिकामी जागा दाखवली, हात झटकले. नर्सने नानांच्या पायांकडे बघितलं, मग दारातून दिसणाऱ्या त्यांच्या एकुलत्या लहान बॅगेकडे बघितलं, आणि छातीवर हात ठेवून कितीतरी वेळ हळहळली. तिला काय समजलं ते दुसऱ्या दिवशी कळायचं होतं. त्या वेळी माईंना एवढंच वाटलं, की शेजार चांगला आहे.

नवे बूट घ्यावेत असं माईंनी सुचवून पाहिलं. नाना म्हणाले, दुकानातल्या बुटांना दोन्ही टाचा सारख्या असतात. मग भाच्याच्या न्हाणीघरातल्या स्लीपर निघाल्या, रबरी, पिवळ्या, नानांच्या पायाला दोन मापं मोठ्या. उजव्या स्लीपरमध्ये काहीतरी घालायला हवं होतं. वर्तमानपत्र चुरगळतं, टॉवेल सरकतो. शेवटी शहराचा नकाशा सापडला. जाड कागदाचा, आठ घड्या घातल्या की टेपवर बरोबर अर्धा इंच. नाना खूश झाले. पोलीस ठाणं शोधायला निघाल्यावर पहिल्याच चौकात लक्षात आलं, की रस्ता नानांच्या टाचेखाली आहे.

मग प्रत्येक वळणावर एकच कार्यक्रम. माईंच्या खांद्याला धरून नाना एका पायावर उभे राहत, माई नकाशा उपसत, उलगडत, रस्ता बघत, पुन्हा आठ घड्या घालत आणि पुन्हा आत सारत. दोन शाळकरी मुली थांबून हे बघत होत्या. तिसऱ्या वळणाला त्यांनी टाळ्या वाजवल्या. नानांनी मान ताठ ठेवली. पिवळ्या स्लीपरमध्ये मान ताठ ठेवणं किती अवघड असतं, ते करून बघितल्याशिवाय कळत नाही.

ठाण्यातला अंमलदार तरुण आणि सभ्य होता, आणि इंग्रजी बोलायचा. त्याने फॉर्म काढला. बूट कुठे होते? दाराबाहेर. आतल्या बाजूला? नाही, बाहेरच्या. दार फोडलं होतं का? नाही. मग आपण ते बाहेर का ठेवले होते? नानांनी सांगितलं, काढले म्हणून. अंमलदाराने पेन खाली ठेवलं आणि थोडा विचार केला. फॉर्मवर चोरीला एक चौकट होती आणि हरवल्याला एक. स्वतःच्या हाताने घराबाहेर ठेवून दार लावून झोपी जाण्याला चौकट नव्हती.

इथे नानांमधला सरकारी माणूस जागा झाला. चौतीस वर्षांत कुठलाही फॉर्म त्यांच्यासमोर फार वेळ टिकलेला नव्हता. त्यांनी कोरा कागद मागितला, टेप काढला, सकाळी घेतलेली मापं आठवली आणि जिन्याच्या माथ्याचा नकाशा काढून दिला. प्रमाणात. भिंती, कठडा, दाराची रुंदी, बुटांची जागा तुटक रेषेने, आणि कोपऱ्यात उत्तर दिशेचा बाण. अंमलदार आतल्या खोलीत जाऊन आपल्या साहेबांना घेऊन आला. साहेबांनी नकाशा उजेडात धरला आणि नानांशी हात मिळवला. दोन देशांमध्ये त्या क्षणी जो सलोखा झाला, तो मोठमोठ्या परिषदांमधूनही होत नसेल.

मग साहेबांनी फॉर्मच्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. वस्तूची ओळखीची खूण.

माईंनी नानांकडे पाहिलं. नानांनी माईंकडे पाहिलं नाही. त्यांनी सावकाश, वळणदार अक्षरात लिहिलं : काही नाही.

परत येताना तिसऱ्या वळणावर नकाशाची घडी घालता घालता माई म्हणाल्या, "जगात एकच बूट असा आहे की जो डोळे मिटूनसुद्धा ओळखता येईल. आणि त्याला खूण नाही."

"अगं, तो सरकारी कागद आहे," नाना म्हणाले. "कायम दप्तरी राहतो."

"राहू दे की. इथे तुम्हाला कोण ओळखतं?"

"मी ओळखतो," नाना म्हणाले.

गुरुवारी सकाळी माईंनी दार उघडलं आणि लगेच लावून घेतलं. मग पुन्हा हळूच उघडलं. बाहेर बुटांचे नऊ जोड होते. काळे, तपकिरी, लोकरीच्या अस्तराचे, गुडघ्यापर्यंतचे, एक जोड नाचायला जाताना घालतात तसा चकचकीत, आणि एकामध्ये तर मोज्यांची घडीही ठेवलेली. नाना बाहेर येऊन बघत राहिले. त्यांचा पहिला तर्क असा, की चोराला पश्चात्ताप झाला आहे, पण आपले कुठले ते आठवत नाहीये. दुसरा तर्क, की इमारतीतल्या सगळ्यांनी पाटी आताच वाचली. माईंना कुठलाच तर्क सुचेना. त्यांनी सवयीने जोड नीट रांगेत लावले, आणि त्या वाकून शेवटचा जोड सरळ करत असतानाच जिन्यातून अंमलदार वर आला.

तो जागेची पाहणी करायला आला होता. हातात नानांचा नकाशा. त्याने नकाशा बघितला, फरशी बघितली, मग नऊ जोड मोजले. यातले तुमचे कुठले, असं त्याने विचारलं. नाना म्हणाले, एकही नाही. मग हे कुणाचे? माहीत नाही. अंमलदाराने वहीचं नवं पान काढलं. काल ज्या गृहस्थाने बूट गेल्याची तक्रार केली, त्याच्या दारात आज दुसऱ्यांचे नऊ जोड सापडावेत, आणि त्याची बायको ते आवरून ठेवत असावी, यातून कुठल्याही देशाचा पोलीस जे समजेल तेच तोही समजत होता. त्याच्या आवाजातला कालचा सलोखा थोडा कमी झाला.

आवाज ऐकून समोरची नर्स बाहेर आली आणि अंमलदाराशी भराभर बोलू लागली. आता कुठे मध्ये दुभाषा मिळाला. नर्सला वाटलं होतं, विमानात यांचं सगळं सामान गेलं. बिचाऱ्या म्हाताऱ्याला बूटसुद्धा उरले नाहीत. तिने काल दुपारी अख्खी इमारत पालथी घातली होती, आणि प्रत्येक घराने एक जोड दिला होता. चकचकीत जोड तिच्या स्वर्गवासी नवऱ्याचा होता. हे ऐकताना माईंच्या डोळ्यांना पाणी आलं, आणि नानांचा चेहरा पडला. मोजणी खात्याचा निवृत्त अधिकारी, आणि नऊ घरांनी त्याच्यासाठी जुने बूट जमवले.

"सांग तिला," ते माईंना मराठीत म्हणाले, "आमची परिस्थिती चांगली आहे म्हणावं."

"ते मी काय हातवारे करून सांगू?" माई म्हणाल्या.

अंमलदार समजूतदार होता. त्याने वही मिटली. पण तुमचे मूळचे बूट सापडणं कठीण आहे, तो म्हणाला, तपकिरी बूट शहरात हजारो, ओळखीची खूण काही नाही.

आणि मग माईंनी ते केलं. आत गेल्या, भाच्याच्या टेबलावरचं एक पातळ पुस्तक आणलं, नानांच्या पिवळ्या स्लीपरमधून नकाशा काढला, पुस्तक उजव्या टाचेखाली सरकवलं, आणि अंमलदाराला सरळ इंग्रजीत सांगितलं, की माझ्या नवऱ्याचा हा पाय आखूड आहे आणि त्याच्या बुटाची उजवी टाच अर्धा इंच जाड आहे. सांगताना त्यांनी नानांकडे बघितलं नाही. लग्नाला छत्तीस वर्षं झाली होती आणि हे वाक्य त्यांनी कधी मोठ्याने उच्चारलं नव्हतं. नाना भिंतीवरच्या मीटरकडे बघत होते, जणू त्यातले आकडे उतरवून घ्यायचे आहेत.

अंमलदाराने नर्सला ते सांगितलं. नर्सने कपाळावर हात मारून घेतला आणि माईंना हाताला धरून जिना उतरायला लागली. नाना आणि अंमलदार मागोमाग.

तळमजल्यावर, इमारतीच्या मागच्या बाजूला, बूट दुरुस्त करणाऱ्या म्हाताऱ्याचं दुकान होतं. एक खिडकी, एक बाक, सगळीकडे चामड्याचा आणि गोंदाचा वास. पाटीचा अर्थ आता उलगडला. ज्यांना बूट दुरुस्तीला द्यायचेत त्यांनी मंगळवारी रात्री दाराबाहेर ठेवावेत, बुधवारी पहाटे तो गोळा करतो आणि शुक्रवारी संध्याकाळी परत आणून ठेवतो. तीस वर्षांचा शिरस्ता. पाटीवरचं चित्र नानांनी अगदी बरोबर वाचलं होतं, फक्त पुढचं वाचायचं राहिलं होतं. नर्स सकाळी तिथे गेली तेव्हा म्हाताऱ्याने तिला एक विचित्र जोड दाखवला होता. अशी ओबडधोबड कारागिरी त्याने जन्मात पाहिली नव्हती. एक टाच जाड, एक बारीक. कोण कारागीर असं काम करतो, असं म्हणून तो हसला होता.

म्हाताऱ्याने फळीवरून जोड काढून अभिमानाने बाकावर ठेवला. त्याने दोष दूर केला होता. जाड टाच कापून, घासून, पॉलिश करून दोन्ही टाचा इतक्या सारख्या केल्या होत्या, की त्यावर गवंड्याची पाणसळ ठेवावी. शेजारी माईंच्या सँडल होत्या, बक्कल नवं, आणि काढलेली सेफ्टी पिन कागदात गुंडाळून ठेवलेली.

मग नाना बाकावर बसले, बूट चढवले, उभे राहिले आणि खिडकीपर्यंत चालत गेले. चारच पावलं होती. पहिल्या पावलालाच म्हाताऱ्याचं हसू गेलं. तिसऱ्या पावलाला त्याने चष्मा काढला. अंमलदाराने त्याला काही सांगायची गरज उरली नाही.

म्हाताऱ्याने नानांना परत बसवलं आणि बूट स्वतःच्या हाताने काढले. नंतर त्याने जमिनीवर एक फळी ठेवली, नानांना मोजे घालून तिच्यावर सरळ उभं केलं, आणि चामड्याचे पातळ तुकडे एकेक करून उजव्या टाचेखाली सारायला लागला. प्रत्येक तुकड्यानंतर मागे सरकून नानांचे खांदे बघायचा. नानांनी टेप काढला. "हाफ इंच," ते म्हणाले. म्हाताऱ्याने मान हलवली आणि टेप बाजूला सारला. अर्धा इंच झाला तरी तो थांबेना. एक तुकडा, अजून एक. त्यानंतर मात्र तो मागे झाला, नर्सकडे बघितलं, नर्सने मान डोलावली, आणि माईंच्या लक्षात आलं की नानांचा शर्ट दोन्ही खांद्यांवरून सारखा उतरतोय. इतकी वर्षं त्या शर्टाची डावी बाही लांब शिवली जाते म्हणून शिंप्याला बोलत होत्या.

माईंनी नानांच्या हातातला टेप घेऊन तुकड्यांची चळत मोजली. पाऊण इंच.

"अहो, पाव इंच कमी होतं," त्या म्हणाल्या. "त्या चपलावाल्याला माप कुणी दिलं होतं?"

"मीच," नाना म्हणाले. "अर्धा इंच बरं वाटतं. पाऊण म्हणजे जरा जास्तच वाटतं."

लोकांच्या बांधांत एक बोट इकडचं तिकडे होऊ न देणाऱ्या माणसाने स्वतःच्या पायाचा पाव इंच असा वर्षानुवर्षं दाबून ठेवला होता. माईंना हसू आलं. आधी त्यांनी ते दाबलं, कारण मूळ स्वभाव तसा, पण मग नानाच हसायला लागले, आणि काय झालं ते न कळताच नर्स आणि अंमलदारही. म्हातारा मात्र हसला नाही. त्याने दुपारचं सगळं काम बाजूला सारलं आणि संध्याकाळी पाचला, उन्हं असतानाच, बूट तयार करून वर आणून दिले. दाराबाहेर ठेवले नाहीत. घंटा वाजवून नानांच्या हातात दिले.

नाना ते घालून पहिल्यांदा कुठे गेले असतील, तर पोलीस ठाण्यात. तक्रार मागे घ्यायची होती. वाटेत नकाशा हातात होता, त्यामुळे रस्ता चुकले नाहीत. अंमलदाराने फॉर्मवर आडवी रेघ मारायला पेन उचललं तेव्हा नाना म्हणाले, जरा थांबा. त्यांनी फॉर्म आपल्याकडे ओढला, शेवटच्या ओळीतलं 'काही नाही' खोडलं, शेजारी बारीक सही केली, आणि वर लिहिलं : उजवी टाच पाऊण इंच जाड. दप्तरी कागद बरोबर असलेला बरा, असं त्यांनी माईंना सांगितलं.

शुक्रवारची बस वेळेवर निघाली आणि तीन तासांनी तळ्यापाशी पोहोचली.

माई काठावर धक्क्याच्या तोंडाशी उभ्या राहिल्या, आणि त्यांना काहीतरी चुकल्यासारखं वाटायला लागलं. पाणी निळं होतं. धक्का लाकडीच होता. पण झाड उजव्या हाताला होतं आणि अर्धा डोंगर डाव्या. त्या मागे गेल्या, पुढे आल्या, काठाने थोडं चालून आल्या. झाड काही डावीकडे येईना.

"हे ते नाही," त्या म्हणाल्या.

नानांनी सूर्य बघितला, घड्याळ बघितलं, धक्क्याची दिशा बघितली, आणि निवृत्त अधिकाऱ्याच्या आवाजात निकाल दिला. तळं तेच आहे. कॅलेंडरवाल्याने फोटो उलटा छापला होता. एकतीस वर्षं तू उजवं ते डावं बघत होतीस.

माईंनी कठडा धरला. एवढ्या लांब येऊन आपलं तळं मात्र घरीच राहिलं, असं काहीसं त्यांच्या मनात आलं असावं. मग त्यांनी पर्स उघडली, टिकली लावायचा छोटा आरसा काढला, तळ्याकडे पाठ केली, आणि आरसा डोळ्यांसमोर धरला.

तिथे होतं सगळं. डाव्या हाताला एकटं झाड, उजव्या हाताला कापलेला डोंगर, मध्ये निळं पाणी. मे महिना जसाच्या तसा. फक्त एक गोष्ट कॅलेंडरवर नव्हती. धक्क्याच्या टोकाला तपकिरी बूट घातलेला एक म्हातारा उभा होता, दोन्ही खांदे सारखे, आणि डबीतल्या टेपने कठड्याची उंची मोजत होता.

"अहो," माई आरशात बघत म्हणाल्या, "जरा तसेच उभे राहा. हलू नका."